बँकॉकचा राजवाडा आणि दोन मंदिरं: ग्रुपबरोबर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

थायलंडच्या सहलपत्रिकेत पट्टाया, कोरल आयलंड आणि सफारी वर्ल्डच्या मध्ये कुठेतरी ‘बँकॉक सिटी टूर’ अशी एक ओळ असते. त्या ओळीत राजवाडा असेलच असं धरून चालू नका. बऱ्याच स्वस्त सहलींत त्या ओळीचा अर्थ सोन्याच्या बुद्धाचं मंदिर आणि रत्नांचं एक मोठं दुकान एवढाच असतो. म्हणून पैसे भरण्याआधीच विचारा: ग्रँड पॅलेस आतून दाखवणार का? तिकीट सहलीच्या खर्चात धरलंय का? आणि आत किती वेळ देणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘तासाभरात होतं’ असं आलं, तर तिथेच आग्रह धरा. किमान अडीच तास हवेत. सगळा ग्रुप मिळून बोलला, तर हा बदल करून मिळतो.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, जे ट्रॅव्हल कंपनीबरोबर जातात. दुसरे, नातेवाईक किंवा सोसायटीतली दहा-पंधरा माणसं जमवून स्वतःच निघतात आणि त्यातल्या एकाच्या गळ्यात सगळी आखणी पडते. दोघांनाही माझं पहिलं सांगणं हेच, की एका दिवसात तीनच ठिकाणं घ्या: राजवाडा (त्यातच पाचूच्या बुद्धाचं मंदिर येतं), वाट फो आणि नदीपलीकडचं वाट अरुण. थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिराचं आवार. चौथं ठिकाण घातलं की दुपारनंतर ग्रुपमधली ज्येष्ठ मंडळी बसमध्येच बसून राहतात आणि बाकीचे फोटो काढून परत येतात. ही तीन ठिकाणं नुसती जवळजवळ नाहीत, त्यांचा इतिहासही एकच आहे. 1782 मध्ये चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने, म्हणजे पहिल्या रामाने (या घराण्यातले राजे पहिला राम, दुसरा राम असेच ओळखले जातात), राजधानी नदीच्या पश्चिमेकडच्या थोनबुरीहून पूर्व काठावर हलवली आणि राजवाडा बांधायला घेतला. जुन्या राजधानीचं मंदिर ते वाट अरुण, नव्या राजधानीचं हृदय तो राजवाडा, आणि राजवाड्याला लागून त्याच राजाने नव्याने उभारलेलं जुनं मंदिर ते वाट फो. आजचे राजे वजिरालोंगकोर्न हे त्याच घराण्यातले दहावे राम.

आदल्या रात्री: कपडे आणि घड्याळ

राजवाड्याच्या दारात पाहुण्यांचे कपडे तपासतात आणि नियम खरोखर पाळतात. बर्मुडा, थ्री-फोर्थ, बिनबाह्यांचे टॉप, आरपार दिसणारं कापड, फाटक्या फॅशनच्या जीन्स, अंगाला घट्ट चिकटलेल्या लेगिंग्ज यांतलं काहीही चालत नाही. पुरुषांनाही हेच लागू आहे, आणि ग्रुपमधले काका लोक नेमके इथेच अडकतात, कारण उकाड्यामुळे सगळे हाफ पँटवर निघालेले असतात. सलवार-कमीज सगळ्यात उत्तम. साडीही चालते, फक्त ब्लाउजला बाह्या असू द्या. उघड्या खांद्यावर ओढणी किंवा स्टोल घेऊन काम भागेल यावर विसंबू नका. दारात अडवलं तर बाहेर हत्तींच्या नक्षीच्या सैल विजारी विकायला असतात, पण पंधरा जणांतल्या चौघांनी त्या शोधायच्या म्हणजे सकाळची सगळ्यात मोलाची वेळ तिथेच जाते. त्यापेक्षा आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना एकदा सांगून टाका.

चपला-बूट सहज काढता-घालता येतील असे घ्या. दिवसभरात ते बरेचदा काढावे लागतात. टोपी, छत्री, पाण्याची बाटली, पासपोर्टची झेरॉक्स आणि थोडे सुटे बाथ (थायलंडचं चलन) हातातल्या पिशवीत ठेवा. राजवाड्याचं तिकीट परदेशी माणसाला सध्या 500 बाथ आहे, वाट फोचं 300 आणि वाट अरुणचं 200. राजवाड्यात 120 सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट लागत नाही. हे दर मधूनमधून वाढतात, तेव्हा निघण्याआधी एकदा पाहून घ्या.

थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. तिथले सकाळचे सात म्हणजे आपले साडेपाच. सहलीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत हा फरक अंगावर येतो आणि ग्रुप हमखास उशिरा निघतो. राजवाडा साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनला तिकीट खिडकी बंद होते. तुमची बस सव्वाआठला तिथे लागली, तर पहिला तास थोडा मोकळा मिळतो. दहानंतर गर्दी इतकी वाढते की बोटाला धरलेलं मूलही दिसेनासं होतं.

आणखी एक काम आदल्या रात्रीच करायचं. राजघराण्याचा एखादा विधी असेल तर राजवाडा किंवा त्यातला काही भाग बंद ठेवतात. राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर तशी सूचना असते, ती बघा. हे स्वतः पाहून ठेवणं एका वेगळ्या कारणानेही गरजेचं आहे. राजवाड्याच्या आसपासच्या रस्त्यांवर नीटनेटके कपडे घातलेला, गोड बोलणारा एखादा माणूस भेटतो आणि सांगतो, ‘आज राजवाडा बंद आहे, दुपारी उघडेल, तोवर मी तुम्हाला टुकटुकने दुसरी मंदिरं दाखवतो.’ ही बँकॉकमधली फार जुनी फसवणूक आहे. त्या फेरीचा शेवट रत्नांच्या किंवा कपड्यांच्या दुकानात होतो. कोणी काहीही सांगो, मुख्य दरवाजापर्यंत चालत जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

बसमध्ये: कोण सांगणार आणि कोण ऐकणार

थायलंडमध्ये गाइडचं काम फक्त थाई नागरिकच करू शकतात आणि त्यासाठी परवाना लागतो. त्यामुळे तुमच्याबरोबर आलेला मराठी टूर मॅनेजर राजवाड्याच्या आत उभा राहून माहिती देऊ शकत नाही. आत बोलणार तो थाई गाइड, इंग्रजीत आणि थाई उच्चारांत. ग्रुपमधल्या आजी-आजोबांना त्यातलं निम्मं कळत नाही आणि मग ती माणसं सावली शोधून बसतात. हे टाळायचं असेल तर टूर मॅनेजरला सांगून बसमध्येच, हॉटेल ते राजवाडा या प्रवासात, मराठीत वीस मिनिटं बोलून घ्या. स्वतःचा ग्रुप असेल तर हे काम तुमचं. पुढे रामायणाच्या भिंतीबद्दल लिहिलंय, तेवढं सांगितलं तरी पुष्कळ.

उतरण्याआधी भेटायच्या दोन जागा ठरवा. मंदिराच्या आवारात उंच चौथऱ्यावर अंगकोर वाटची दगडी प्रतिकृती आहे, ती चौथ्या रामाने करवून घेतली. कोणालाही विचारली तर सापडते, म्हणून पहिली जागा ती. दुसरी, चक्री महाप्रासादासमोरचं मोकळं आवार. चुकलेल्या माणसाने शोधत फिरायचं नाही, या दोनपैकी जवळच्या जागी जाऊन थांबायचं. मोबाइलला नेट नसलेल्यांना हे दोनदा सांगा. बसला दाराशी फार वेळ थांबू देत नाहीत, तेव्हा परत कुठे चढायचं हेही उतरतानाच विचारून घ्या.

राजवाड्यात: आधी मंदिर, मग भिंत

आत शिरल्यावर पहिल्यांदा येतं वाट फ्रा केओ, पाचूच्या बुद्धाचं मंदिर. हे राजाचं स्वतःचं देवघर आहे, म्हणून इतर वाटांसारखे इथे भिक्खू राहत नाहीत. दारांवर जे उंच, दात विचकलेले, रंगीत पहारेकरी उभे आहेत ते यक्ष. त्यांतला हिरवा म्हणजे रावण. त्याचं थाई नाव तोत्साकान, आपला दशकंठ.

मुख्य मंदिरात जाताना चपला आणि टोपी काढायची. आत फोटो घेता येत नाही, कोणीही कितीही घाईत असला तरी नाही. मूर्ती अवघी 66 सेंटीमीटरची आणि खूप उंचावर आहे, त्यामुळे पहिल्या नजरेत काहींचा हिरमोड होतो. दोन मिनिटं खाली बसा, डोळे अंधाराला सरावू द्या, मग ती हिरवी मूर्ती दिसू लागते. पाचू म्हणत असले तरी दगड जेडच्या जातीचा आहे. तिला वर्षात तीन वेळा, उन्हाळा, पावसाळा आणि थंडी सुरू होताना, सोन्याचा वेगळा पोशाख चढवतात आणि तो स्वतः राजा बदलतो. देवाला ऋतूप्रमाणे पोशाख करण्याची रीत आपल्या मंडळींना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. 1784 मध्ये इथे येण्याआधी ही मूर्ती नदीपलीकडे वाट अरुणच्या आवारात होती, आणि त्याआधी दोनशेहून अधिक वर्षं आजच्या लाओस देशात. बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत, मागे किंवा बाजूला दुमडून घ्यायचे. ज्यांना खाली बसता येत नाही, त्यांनी मागच्या बाजूला शांत उभं राहिलं तर चालतं.

बहुतेक ग्रुप इथून सोनेरी स्तूपासमोर फोटो काढून थेट राजमहालांकडे जातात. तसं करू नका. मंदिराच्या आवाराला चारही बाजूंनी एक झाकलेली ओवरी आहे आणि तिच्या आतल्या भिंतीवर 178 प्रसंगांत सगळं रामायण रंगवलेलं आहे. त्याला थाई लोक रामकीयन म्हणतात. पहिल्या रामाने 1797 मध्ये त्याची काव्यरूप संहिता तयार करवली, आणि चित्रंही मुळात त्याच्याच काळातली. थायलंडच्या दमट हवेत भिंतीवरचा रंग टिकत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा नव्याने रंगवत आले आहेत. नशीब असेल तर बारीक कुंचला घेऊन काम करत बसलेला चित्रकारही दिसतो.

बँकॉकला येणाऱ्या पर्यटकांत या भिंतीची किल्ली ज्यांच्या खिशात आहे अशी माणसं थोडी, आणि आपण त्यांतले. युरोपातून आलेला माणूस इथून पाच मिनिटांत पुढे जातो, कारण कोण कोण आहे तेच त्याला कळत नाही. तुमच्या ग्रुपमधल्या सत्तरीच्या आजी इथे गाइडपेक्षा जास्त सांगतील. त्यांना पुढे करा.

सुरुवात उत्तरेच्या बाजूने करायची आणि प्रदक्षिणेच्या दिशेनेच जायचं. पहिलं चित्र जनकाला नांगरताना सीता सापडते त्याचं आहे. माणसं ओळखायची ती रंगावरून. राम हिरवा, लक्ष्मण सोनेरी, हनुमान पांढराशुभ्र, सुग्रीव तांबडा. सगळ्यांच्या डोक्यावर थाई मुकुट आणि मागे थाई राजवाडे. अयोध्या दिसते ती बँकॉकसारखी.

कथेत मात्र फरक आहेत आणि ते आधी सांगून ठेवलेले बरे. रामकीयनमध्ये सीता ही रावणाचीच मुलगी. अशुभ भाकीत झालं म्हणून पाण्यात सोडून दिलेली आणि जनकाला मिळालेली. हनुमान इथे ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना समुद्रातली मत्स्यकन्या सुवर्णमच्छा दगड पळवत असते. ती रावणाची मुलगी, आणि हनुमान तिच्या प्रेमात पडतो. त्यांचा मुलगा मच्छानु. हे ऐकून एखाद्या आजोबांना वाईट वाटू शकतं. त्यांना अहिरावण-महिरावणाच्या गोष्टीतल्या मकरध्वजाची आठवण द्या. माशाच्या पोटी जन्मलेला मारुतीचा मुलगा, पाताळाच्या दारावरचा पहारेकरी, बापाशीच लढणारा. मच्छानुही तेच करतो. ती गोष्ट या भिंतीवर आहे आणि माझ्या मते सगळ्या ओवरीतलं सर्वांत थरारक चित्र त्याच प्रसंगाचं आहे: रामाला वाचवण्यासाठी हनुमान अफाट मोठा होतो आणि रामाचा अख्खा मंडप आपल्या तोंडात धरून बसतो. तरीही मैयराप, म्हणजे आपला महिरावण, सगळ्यांना गुंगीत टाकून रामाला पाताळात नेतो. हे चित्र शोधायला मुलांना लावा, ती बरोबर शोधतात.

सगळे 178 प्रसंग बघायला अर्धा दिवस पुरणार नाही. ग्रुपबरोबर चाळीस मिनिटं द्या: सीतेचा जन्म, मैयरापाची गोष्ट, सेतू आणि युद्धातलं एखादं चित्र. ओवरीत सावली आहे, त्यामुळे थकलेल्यांनाही बरं वाटतं. भिंतीला हात लावू देऊ नका, चित्रांत सोन्याचा वर्ख आहे आणि घामाच्या बोटांनी तो जातो.

मंदिरातून पुढे गेलं की राजमहाल लागतात. यातले बहुतेक बाहेरूनच बघायचे असतात, म्हणून इथे अर्धा तास पुरे. चक्री महाप्रासाद 1882 चा, पाचव्या रामाने इंग्रज वास्तुविशारदाकडून बांधून घेतलेला. खालची इमारत युरोपातली वाटते आणि वरची शिखरं थाई. त्याच्या पश्चिमेला दुसित महाप्रासाद आहे. राजघराण्यातल्या व्यक्तीच्या निधनानंतर पार्थिव इथे ठेवतात. नववे राम, भूमिबोल, 13 ऑक्टोबर 2016 रोजी गेले आणि वर्षभर लाखो लोक रांगा लावून इथे येत राहिले. 26 ऑक्टोबर 2017 ला समोरच्या सनाम लुआंग मैदानावर त्यांचे अंत्यसंस्कार झाले. राजा आता इथे राहत नाही, पण 2019 च्या मे महिन्यात सध्याच्या राजांचा राज्याभिषेक याच आवारात झाला. ही वास्तू वापरातली आहे. पहारेकऱ्यांशी थट्टा, पायऱ्यांवर पसरून बसणं, मोठ्याने हाका मारणं हे सगळं इथे टाळलं पाहिजे.

आवारातच राणी सिरिकित यांच्या नावाचं वस्त्रसंग्रहालय आहे. ते वातानुकूलित आहे, राजवाड्याच्या तिकिटातच बघता येतं, आणि थाई रेशमाची वीण जवळून दिसते. पैठणी ओळखणाऱ्या बायकांना तिथून ओढून आणावं लागेल. वेळ असेल तर वीस मिनिटं द्याच.

राजाबद्दल बोलताना

हे गांभीर्याने सांगतो. थायलंडच्या दंडसंहितेतलं कलम 112 राजा, राणी, युवराज आणि राजप्रतिनिधी (रीजंट) यांच्या अपमानाबद्दल आहे. शिक्षा प्रत्येक गुन्ह्याला 3 ते 15 वर्षं, आणि ते परदेशी माणसालाही लागू होतं. राजाच्या तसबिरीकडे बोट दाखवून शेरेबाजी, नोटेवर पाय ठेवणं, सोशल मीडियावर चेष्टेची पोस्ट, यातलं काहीही नको. मराठीत बोललो तर कोणाला कळणार, असाही विचार नको. बोट आणि हसू कोणत्याही भाषेत कळतं. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक जागी राष्ट्रगीत लागलं तर जागेवर उभं राहायचं.

दुपार: जेवण आणि मग वाट फो

राजवाड्यातून अकरा-सव्वाअकराला बाहेर पडा आणि उन्हाच्या ऐन वेळी जेवून घ्या. पाहुरात, म्हणजे बँकॉकचा भारतीय बाजार, इथून बसने जवळ आहे. तिथे मोठा गुरुद्वारा आणि उत्तर भारतीय शाकाहारी जेवण मिळणारी हॉटेलं आहेत. थाई ठिकाणी जेवायचं असेल तर शाकाहारी मंडळींनी नुसतं ‘नो मीट’ म्हणून भागत नाही, कारण माशाचा सॉस, नाम प्ला, जवळपास प्रत्येक पदार्थात पडतो. ‘किन चे’ म्हणा. म्हणजे मांस, मासे, अंडी यांतलं काहीही नको असं समजतात. लसूण-कांदाही त्यात बसत नाही, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांची आपोआप सोय होते.

जेवणानंतर वाट फो. इथला पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच आहे. तिसऱ्या रामाच्या काळात, 1832 मध्ये, तो घडवला. मंदिर मूर्तीपुरतंच आहे, त्यामुळे एका नजरेत मावत नाही. डोक्यापासून पायाकडे चालत जायचं. तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावकामात 108 शुभचिन्हं आहेत, तिथे थांबा. परतीच्या बाजूला 108 कांस्यपात्रं ओळीने ठेवलेली असतात, प्रत्येकात एक नाणं टाकत जायचं. त्या नाण्यांच्या वाट्या तिथेच मिळतात.

गाइड इथून बाहेर काढायला बघतो, पण अजून दोन गोष्टी बघा. आवारातले चार मोठे रंगीत स्तूप पहिल्या चार रामांचे आहेत. आणि मुख्य प्रार्थनागृहाच्या चौथऱ्याला बाहेरून संगमरवरी पाट्या बसवल्या आहेत, त्यांवर पुन्हा रामकीयन, यावेळी कोरलेलं. सकाळची भिंत बघून आलेल्यांना इथे एकेक प्रसंग ओळखता येतो. थाई मसाजचं प्रसिद्ध विद्यालयही याच आवारात आहे. ग्रुपच्या वेळेत मसाज बसत नाही, मन असेल तर दुसऱ्या दिवशी स्वतंत्र या. मेट्रोचं सनाम चाय स्टेशन जवळच आहे.

नदीपलीकडे वाट अरुण

वाट फोच्या मागे ता तिएन धक्का आहे. तिथून पलीकडे जाणारी होडी पाच-दहा मिनिटांनी सुटते आणि तिचे फक्त 5 बाथ पडतात. बसने पूल ओलांडून जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं, फक्त ज्येष्ठांना चढताना हात द्या, धक्का हलतो. होडीवाले पैसे सुटे मागतात.

सूर्याच्या सारथ्याच्या, अरुणाच्या, नावाचं हे मंदिर. मधलं शिखर दुसऱ्या रामाने वाढवायला घेतलं आणि तिसऱ्याने पूर्ण केलं. ते चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेलं आहे, म्हणून जवळ गेल्यावर फुलं, पाकळ्या, ताटल्यांचे काठ वेगवेगळे दिसतात. पायऱ्या फार उभ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या चौथऱ्यावरून फेरी मारावी, नक्षी तिथूनही उत्तम दिसते. वर जाणाऱ्यांनी उतरताना कठड्याला धरून, उलटं तोंड करून उतरावं. इथे भाड्याने थाई पोशाख घेऊन फोटो काढायची मोठी चढाओढ असते. ग्रुपमधल्या मुलींना ते करायचं असेल तर आधीच पाऊण तास वेगळा काढा, नाहीतर सगळे त्यांच्यासाठी खोळंबतात.

पाचच्या सुमारास पुन्हा होडीने ता तिएनला या. सूर्य वाट अरुणच्या मागे मावळतो, त्यामुळे ते बघायची जागा अलीकडचा काठ. बस तिथेच बोलवा.

एखादी सकाळ हाती असेल तर

जुन्या पुस्तकांत आणि काही सहलपत्रिकांत अजूनही विमानमेक हा सागवानी महाल आणि अनंत समाखोम दरबार यांची नावं असतात. दोन्ही बरीच वर्षं पर्यटकांसाठी बंद आहेत, म्हणून कोणी ती दाखवायचं कबूल केलं तर नीट विचारा. त्याऐवजी बँकॉक नोई कालव्यावरचं राजनौकांचं संग्रहालय घ्या. सुवर्णहंस ही 1911 ची नौका आणि गरुडावर बसलेल्या नारायणाची 1996 ची नौका तिथे आहेत. दुसरा पर्याय, ‘जायंट स्विंग’ या मोठ्या झोक्याजवळचं ‘देवस्थान’ नावाचं मंदिर. 1784 मध्ये स्थापन झालेलं राजदरबारातल्या ब्राह्मणांचं हे मंदिर, आत शिव, गणपती आणि विष्णू यांची तीन वेगळी देवळं. मे महिन्यात सनाम लुआंगवर होणाऱ्या राजनांगरणीचे विधी दरबारी ब्राह्मणच करतात. या दोन्ही ठिकाणी मोठी बस नेऊ नका, पाच-सहा जणांची टॅक्सी पुरते, आणि कपड्यांचा नियम तोच ठेवा.